खेबेच्या फलाटावरचा माणूस

वॉर्डातल्या टीव्हीला आवाज नव्हता, नुसतं चित्र होतं. त्या चित्रात खेबे स्टेशनची गंजलेली पाटी दिसली आणि आई उशीवरून इतक्या झटक्यात उठली की हाताच्या सुईची नळी ताणली गेली.

"खाली काय लिहिलंय ते वाच," ती म्हणाली.

मी वाचलं. बंद पडलेल्या खेबे स्टेशनचा फलाट शुक्रवारी सकाळपासून उखडणार. दीड पुरुष खोल खणून तिथून रस्ता नेणार. लाकडी इमारत तेवढी उचलून बागेत नेऊन ठेवणार.

"आज वार कोणता?"

"मंगळवार."

आईने बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, "आ-लिएन, तुझे वडील तिथं आहेत. त्यांना आधी घरी आण."

मला वाटलं, औषधाची गुंगी असेल. आई चौऱ्याऐंशीची, छातीत पाणी झालेलं, आणि आता फार दिवस नाहीत हे डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं. मी तिचा हात धरला. "बाबा घरातच वारले ना गं. पुढच्या खोलीत, पूर्वजांच्या नावांच्या पाट्यांसमोर. मी चार वर्षांची होते, पण मला आठवतं."

आणि खरंच आठवत होतं. दोन बाकांवर टाकलेली फळी, तिच्यावरची चटई, बाबांचे मोठे पाय. आजी तर मरेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "अपघात स्टेशनात झाला, पण माझा लेक गेला तो उंबऱ्याच्या आत. श्वास घेत घरी आला." आमच्याकडे याला फार मोल. बाहेर मेलेल्या माणसाला घरात घेत नाहीत. त्याला गल्लीच्या तोंडाशी मांडव घालून ठेवतात. आणि त्याचा जीव जिथे पडला तिथेच अडकून राहतो, तो रक्ताच्या माणसाने जाऊन बोलावून आणावा लागतो. बाबा घरात गेले, म्हणून त्यांना बोलवायला कोणी गेलं नाही. गरजच नव्हती.

"आ-तोंगला विचार," आई म्हणाली. "स्टेशनातला आ-तोंग. जिवंत आहे ना अजून? त्याला विचार." आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

रोज पहाटे मी ग्वानयिन देवीचं नाव एक हजार आठ वेळा घेते. सत्तावीस वर्षांत त्यात खंड पडलेला नाही. खोटं न बोलायचं व्रतही तेव्हापासूनचंच. बुधवारी मणी बोटांखालून सरकत होते, नाव मात्र वाटेतच गळत होतं. तीनदा पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटी देवीची क्षमा मागितली, पेज आणि लोणचं तसंच झाकून ठेवलं आणि खेबेला गेले.

आमच्या काओश्युंग शहरातल्या आताच्या पोरांना खेबे स्टेशन म्हणजे पत्र्याच्या कुंपणामागचं रान. मांजरं आणि वाळत घातलेल्या गोधड्या. पण आमच्या वस्तीत अजून पत्ता सांगताना 'स्टेशनच्या अलीकडे, स्टेशनच्या पलीकडे' असंच सांगतात.

आ-तोंग पेक म्हणतात, हे स्टेशन तीनदा मेलं. पेक म्हणजे वडिलांहून मोठे काका. अख्खी वस्ती त्यांना तसंच हाक मारते. पहिल्यांदा ते मेलं लढाईच्या शेवटच्या वर्षी, विमानांनी बाँब टाकले तेव्हा. जपान्यांनी साखर बंदरात न्यायला बांधलेलं स्टेशन. छप्पर जळलं, घड्याळ वितळलं, रूळ तेवढे वाचले. लोकांनी वाकलेल्या रुळांचेच खांब करून त्यांच्यावर नवं छप्पर घातलं. दुसऱ्यांदा मेलं ते साखर कारखाना बंद पडला तेव्हा. जलद गाड्या थांबेनात, तिकिटाच्या दोन खिडक्यांपैकी एक फळ्या ठोकून बंद केली, डबे विकणारे, बूट पुसणारे एकेक करून निघून गेले. आणि तिसऱ्यांदा दोन वर्षांपूर्वी, सगळा मार्गच जमिनीखाली गेला त्या दिवशी. शेवटच्या गाडीला निरोप द्यायला ही गर्दी! फोटो काय, हार काय, एक बाई तर हुंदके देऊन रडली. ती आयुष्यात खेबेहून कुठे गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आ-तोंग पेक नेहमीसारखे झाडू घेऊन फलाटावर हजर. निवृत्त होऊन पंचवीस वर्षं झाली होती, पण झाडणं सुटलं नव्हतं.

मी गेले तेव्हा ते कुंपणावर चढलेल्या दोडक्याच्या वेलाला पाणी घालत होते. वय एक्याण्णव. कानाने कमी, तोंडाने नाही.

"पेक, मी आ-त्सुआनची मुलगी."

"कोणाची?"

"फलाटावर जेवण विकायचे ना, त्या आ-त्सुआनची!"

"ओरडतेस कशाला, बहिरा नाही मी. त्सुआनची म्हणे. हं, नाक तेच आहे. पण तो हसायचा. तुझं तोंड असं का, आंबलेल्या टोफूसारखं?"

"आईने पाठवलंय."

त्यांच्या हातातलं पाणी वेलावर पडायचं ते चपलेवर पडत राहिलं. "ती आहे अजून?"

"आहे. थोडे दिवस."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, बाबा स्टेशनातच आहेत. तुम्हाला विचार म्हणाली."

ते पायरीवर बसले. माझ्याकडे न बघता, त्या दोडक्यालाच सांगत असल्यासारखे बोलले.

बाबा गळ्यात पेटी अडकवून जेवणाचे डबे विकायचे. भात, तळलेलं डुकराचं मांस, मोहरीच्या पाल्याचं लोणचं, अर्धं अंडं. त्या दिवशी खिडकीतल्या एका बाईने दोन डबे मागितले, तिच्या हातात एकच पडला आणि गाडी सुटली. दुसरा डबा द्यायला बाबा गाडीबरोबर धावले. डबा दिलाही. पाऊस पडून गेलेला, फलाट ओला. पाय सरकला आणि डोकं रुळाच्या खांबावर आपटलं.

"तिसरा खांब," आ-तोंग पेक म्हणाले. "मी कंदील पुसत होतो. पहिला मीच पोचलो."

"मग तुम्ही त्यांना घरी आणलंत. आजी सांगायची."

"आणलं. हातगाडीवर. पण पोरी," त्यांनी तोंडावरून हात फिरवला, "हातगाडी घेऊन परत येईपर्यंत तो गेला होता. तिथंच. फलाटावर."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

"तुझी आजी मला माहीत होती. दारात उभी राहून विचारणार, थंड की गरम? थंड म्हटलं की लेकाला गल्लीत ठेवणार. एकोणतीस वर्षांचा गडी, कोणाच्या अध्यात ना मध्यात. मी त्याच्याच पेटीतले गरम डबे काढले, त्याच्या छातीवर, पोटावर मांडले, वरून माझा कोट घातला. दाराशी आल्यावर काढून घेतले. तुझ्या आजीने छातीला हात लावला. ऊब होती. मी ओरडलो, श्वास आहे, लवकर आत घ्या! सगळ्यांना फसवलं मी."

"त्यांच्या भल्यासाठीच ना, पेक."

"भल्यासाठी!" ते एकदम उसळले. "देहाला घर मिळालं आणि जीव राहिला फलाटावर. घरात मेलेल्याला कोणी बोलवायला जातं का? आणि बोलवा म्हणून मी कोणत्या तोंडाने सांगणार? रोज झाडायला जातो ते काय मला हौस आहे म्हणून?"

दवाखान्यात परत जाताना बसमध्ये मी वाक्यं जुळवत होते. मरणाच्या दारात असलेल्या बाईला मी काय सांगणार होते? ज्या एका गोष्टीचा तिला आधार होता, नवरा आपल्या डोळ्यांसमोर, घरात गेला, तीच खोटी आहे म्हणून? मी दोन स्टॉप पुढे गेले, उतरून मागे चालत आले.

आई जागी होती.

"आई, बाबा..."

"फलाटावरच गेले," तिने माझं वाक्य पुरं केलं. "सांगितलं ना त्याने?"

"तुला माहीत होतं?"

"तो काय मला फसवणार! छातीला ऊब होती. पाय कोणी शेकले नव्हते. मी पाय धरले." ती थोडं थांबली, श्वास गोळा केला. "सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, पाणी मागताहेत."

म्हणजे दोघांनी खोटं सांगितलं होतं, आणि दोघांनाही वाटत होतं की आपण एकटेच.

"आजीला जाऊन तीस वर्षं झाली, आई. त्यानंतर तरी सांगायचं होतंस. बोलावून आणलं असतं."

तिने आधी दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं, तरी तिचा आवाज खाली गेला. "बी-हुन," ती म्हणाली.

बी-हुन आमच्या काकूची मुलगी. काकूला मी आ-चिम म्हणते. बाबा गेले त्याच हिवाळ्यात दोन वर्षांची बी-हुन दोन दिवसांच्या तापात गेली. आजी देवळात विचारायला गेली, तेव्हा तिथल्या माणसाने सांगितलं की घरात काहीतरी थंड शिरलंय. सगळ्यांनी घर धुतलं, धूप फिरवला, विहिरीत बघितलं. काय शिरलंय ते कोणाला कळलं नाही. आईला कळलं.

"थंड मी आणलं. एका शब्दाने," आई म्हणाली. "एका चुलीवर अठ्ठावन्न वर्षं भात शिजवला मी आ-चिमबरोबर. तिच्या पोरीचं नाव निघालं की मी काहीतरी काम काढून उठायची. तिला कळता कामा नये. पण त्यांना घरी आण. मी जाणार ती त्या घरात जाणार. ते तिथं नसतील तर मी कोणाकडे जाऊ?"

"आ-चिम दिवसभर पुढच्या खोलीतच बसते. तिने विचारलं तर?"

"तर सांग काहीतरी."

"आई, माझं व्रत आहे. खोटं..."

"माहीत आहे तुझं व्रत," आई डोळे मिटून म्हणाली. "मी काय तेव्हा हौसेने बोलले होते?"

संध्याकाळी मी देवळातल्या पुजारीबुवांकडून जीव बोलवायचं, बांबूच्या डहाळीचं निशाण करून घेतलं. पांढऱ्या पट्टीवर बाबांचं नाव, जन्मवेळ. बुवांनी बजावलं, "जागा बरोबर हवी. उन्हातून नेणार असाल तर काळी छत्री धरा. वळण आलं, पूल आला, की सांगत राहा. सांगितलं नाही तर तिथेच थांबतात. आणि घरच्यांनी मोकळ्या मनाने आत घेतलं पाहिजे. दारातून परत फिरवलेला जीव पुन्हा येत नाही."



बेत असा होता की गुरुवारी दुपारी जायचं. पण गुरुवारी सकाळी आठच्या आत आ-तोंग पेकचा फोन. "यंत्र आलंय! शनिवारी वादळ येणार म्हणून आजच सुरुवात करताहेत. दहाला!"

मी निशाण, छत्री, उदबत्त्या आणि कौल लावायच्या दोन लाकडी चंद्रकोरी घेऊन धावले. आकाश आतापासूनच पिवळट झालं होतं. वाटेत प्रत्येक सिग्नल लाल. टॅक्सीत बसल्या बसल्या मी नामस्मरण सुरू केलं आणि घड्याळ बघण्यात पुन्हा पुन्हा विसरले.

कुंपणाचं फाटक उघडं होतं. खणायचं यंत्र फलाटाच्या टोकाशी उभं, त्याच्या खिडकीत मक्याच्या कुरकुरीत खाऊचं हिरवं पाकीट, यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून ठेवतात तसं. बाजूच्या मेजावर फळं आणि उदबत्त्या. भूमीची पूजा आटपत आली होती. आ-तोंग पेक मुकादमाशी हुज्जत घालत होते.

"आजोबा, हेल्मेटशिवाय आत नाही म्हणजे नाही," मुकादम म्हणत होता. ल्याओ नाव त्याचं, पन्नाशीचा, पान खाऊन दात लाल झालेला.

"मी इथं चाळीस वर्षं गाड्या सोडल्या. तेव्हा तू पाळण्यात मुतत होतास."

"मग तेव्हाही हेल्मेट घालायला हवं होतं." तेवढ्यात ल्याओची नजर माझ्या हातातल्या निशाणावर गेली आणि त्याचा चेहरा बदलला. त्याने तोंडातलं पान थुंकलं. "ताई, कोणाला न्यायला आलात?"

"वडिलांना."

"कधीपासून आहेत?"

"अठ्ठावन्न वर्षं."

"देवा! आणि मी आत्ता त्यांच्या अंगावरून यंत्र घालणार होतो." त्याने हात वर करून चालकाला खाली उतरायला लावलं. "अकरापर्यंत थांबतो. त्यानंतर वरून फोन सुरू होतील. हेल्मेट दोघंही घाला. त्यांना त्याची गरज नाही."

फलाट नंतर कधीतरी हातभर उंच केलेला. रुळाचे खांब सिमेंटात बुडालेले, वरचा भाग तेवढा दिसत होता. आ-तोंग पेक पावलं मोजत गेले, थांबले, पुन्हा मागे आले. मला वाटलं, विसरले. आता हे विसरले तर संपलंच.

"हा तिसरा," ते अखेर म्हणाले. "बाँबने वाकलेला. बघ, वर अजून बाक आहे. आपण आ-त्सुआनच्या डोक्यावर उभे आहोत."

मी उदबत्त्या लावल्या, गुडघे टेकले. "बाबा, मी आ-लिएन. आईने घ्यायला पाठवलंय. घरी चला." तीनदा म्हटलं आणि चंद्रकोरी टाकल्या. एक पालथी, एक उताणी पडली की होकार. दोन्ही पालथ्या पडल्या. नकार.

पुन्हा बोलावलं. दोन्ही उताण्या. म्हणजे हसताहेत, उत्तर नाही.

पुन्हा. नकार. पुन्हा. नकार.

मला आवाज चढवायची सवय नाही. बोलावता बोलावता घसा कोरडा पडला. मी सांगितलं की आई आजारी आहे. सांगितलं की ही जागा आज खणणार आहेत. सांगितलं की मी आता तुमच्यापेक्षा दुप्पट वयाची झाले आहे, म्हणून ओळखत नसाल, पण मीच ती. नकार. वाऱ्याने निशाणाची पट्टी माझ्याच हाताला गुंडाळली. नवव्यांदा नकार आला तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. ल्याओ लांब उभा राहून एकदा आकाशाकडे, एकदा फोनकडे बघत होता.

"रागावलेत का ते?" मी आ-तोंग पेकना विचारलं. "एवढी वर्षं कोणी आलं नाही म्हणून?"

पेक खांबावर हात ठेवून उभे होते. मग ते एकदम म्हणाले, "मी म्हणालो होतो त्याला."

"काय?"

"तो उठायला बघत होता. डबे सांडलेत, डबे सांडलेत, करत होता. मी खांदा दाबला आणि म्हणालो, हलायचं नाही. मी येऊन सांगेपर्यंत इथून हलायचं नाही. आणि हातगाडी आणायला गेलो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "फलाटावर माझा शब्द तो कधी मोडायचा नाही गं. रूळ ओलांडायचा तर मला विचारून ओलांडायचा. आणि मी रोज येऊन नुसता झाडत राहिलो."

त्यांनी हेल्मेट काढून काखेत धरलं. ल्याओने पाहून न पाहिल्यासारखं केलं. आ-तोंग पेक ताठ उभे राहिले, उजवा हात लांब करून आधी डावीकडे, मग उजवीकडे बोट दाखवलं. तिथे आता रूळ उरले नव्हते, नुसतं गवत.

"डावीकडे मोकळं! उजवीकडे मोकळं!" एक्याण्णव वर्षांच्या माणसाचा तो आवाज सगळ्या फलाटभर गेला. "आ-त्सुआन! मी आलोय रे. उशीर झाला. ऊठ आता. डब्यांचं मी बघतो, तू लेकीबरोबर घरी जा."

मी चंद्रकोरी टाकल्या. एक पालथी, एक उताणी.

खात्रीसाठी पुन्हा टाकल्या. तेच. तिसऱ्यांदा टाकायला मी त्या गोळा करू लागले, तेव्हा ल्याओच लांबून म्हणाला, "ताई, आले ते. निघा आता. वारा सुटलाय."

आ-तोंग पेक फलाटावरच थांबले. मी काळी छत्री उघडली, निशाण तिच्याखाली धरलं आणि चालू लागले. "बाबा, पायऱ्या आहेत. बाबा, फाटक." टॅक्सीवाल्याने छत्री पाहिली, गाणं बंद केलं आणि उतरून मागचं दार स्वतः उघडलं. कालव्याशी आल्यावर माझ्या आधी तोच म्हणाला, "काका, पूल आलाय हं. बसून राहा."

पण माझं लक्ष आता पुढे होतं. घर जवळ येत होतं, आणि घरात आ-चिम होती.

ती असायची तिथेच होती. पुढच्या खोलीच्या दारात, ठेंगण्या स्टुलावर, मांडीवर रताळ्याच्या पाल्याची टोपली. एकोणऐंशी वर्षांची, पण देठ सोलताना नजर टोपलीत कधी नसायची, रस्त्यावर असायची. आमच्या दाराचं एक फळकं नेहमी कडी घालून बंद असतं. दुसऱ्या अर्ध्यात ती.

"ऊन नाही, पाऊस नाही, आणि छत्री?" ती म्हणाली. मग तिला छत्रीखालचं निशाण दिसलं. पट्टीवरचं नाव ती वाचू शकत होती. देठ सोलणारी बोटं थांबली. "आ-लिएन. हे काय आणलंस?"

काहीतरी सांग, आई म्हणाली होती. मी काहीतरी शोधत होते. बुवांनी सांगितलंय, शांती करायची आहे, आईच्या तब्येतीसाठी. एक वाक्य पुरलं असतं, आणि त्यातला प्रत्येक शब्द जवळजवळ खराच असता. मी छत्री दुसऱ्या हातात घेतली. दारातून परत फिरवलेला जीव पुन्हा येत नाही.

"बाबांना आणलंय," मी म्हणाले. "ते घरात गेलेच नव्हते, आ-चिम. स्टेशनातच गेले होते. आईने त्यांना आत घेतलं तेव्हा ते थंड होते. तिला माहीत होतं." आणि थांबता येईना म्हणून तेही बोलून टाकलं. "बी-हुनचं तिला वाटतं, की ते तिच्यामुळे. तुम्हाला कळू नये म्हणून तिने..."

आ-चिम उठली. टोपली खाली ठेवली. पाला जमिनीवर सांडला तो तिने उचलला नाही. ती दारातच उभी राहिली, आणि तिच्या बाजूने आत जायला जागा नव्हती. मी जमिनीकडे बघत होते.

"माझ्या पोरीला मेंदूचा ताप आला होता," ती म्हणाली. आवाज सपाट होता. "त्या हिवाळ्यात या गल्लीतली चार मुलं गेली. शिंप्याची दोन, तेलवाल्याचं एक आणि माझी एक. त्यांच्या घरी कोणी थंड माणूस आणला होता? देवळातला तो मेला काहीही बोलला, आणि ही बाई ते अठ्ठावन्न वर्षं उशाशी घेऊन झोपली?"

मी वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि कपाळावर आठी होती. ती रडतेय की चिडलीय ते कळत नव्हतं. मग ती वळली, बंद फळक्याची कडी ओढू लागली. कडी गंजलेली, हलेना. तिने चप्पल काढून तिच्यावर दोन घाव घातले. फळकं करकरत उघडलं. ती बाजूला झाली आणि छत्रीकडे बघून, आपल्या सदऱ्याची कॉलर नीट करत म्हणाली, "भावजी, आत या. उंबरा उंच आहे, जपून."

मी निशाण आत नेलं, पाट्यांसमोर ठेवलं, उदबत्ती लावली. मागून आ-चिमचा आवाज आला. तिने दवाखान्यात फोन लावला होता आणि नर्सला दटावून तो आईच्या कानाशी धरायला लावला होता.

"वहिनी, मी बोलतेय. तोंड शिवून बसलीस होय गं इतकी वर्षं? म्हणून बी-हुनचं नाव निघालं की उठून जायचीस! मला वाटायचं, हिला माझ्या पोरीची आठवणसुद्धा नको आहे. त्यावरून मी तुला काय काय बोलले मनातल्या मनात, माहीत आहे का? रडू नकोस. रडू नकोस म्हणते ना, तुला श्वास पुरत नाही. तुझा नवरा आलाय. हो, आत आलाय. आता मी घरात एकटी याच्याशी काय बोलू? तू कधी येतेस?"

ती ऐकत राहिली. फोनमधून नुसता श्वासांचा आवाज येत होता, ओढलेला, तुटक. मग आईने काहीतरी विचारलं. आ-चिमने नाक पुसलं.

"पुढच्या," ती म्हणाली. "पुढच्या दाराने. दोन्ही फळकी उघडून."